बघू

सातवीत नेर्लेकर बाईंनी फळ्यावर लिहिलं: गृहीतक.
खडू खाली ठेवायच्या आत म्हणाल्या,
गृहीत धरणं वेगळं, ते तुम्हाला येतंच.
आई घरी असणार, हे गृहीत.
गृहीतक म्हणजे असं वाक्य
ज्याला खोटं पडायला दार उघडं ठेवलंय.

आम्ही उतरवून घेतलं.
बिल्किस मुजावरनं नाही घेतलं.
तिचा बाप केर्लीच्या गुऱ्हाळात
चुलवाणाला चिपाडं घालायचा.
तिच्या डोक्यात तेव्हा कायल उकळत असावी.

रस तापला की बापूसो गुळव्या
रानभेंडीची ठेचलेली ताटं पाण्यात चोळायचा,
तो बुळबुळीत चीक ओतायचा कायलीत,
आणि मळी फुगून वर यायची,
दाबून ठेवलेली भावकीतली गोष्ट यावी तशी.
"भेंडीबिगर गूळ न्हाई," तो म्हणायचा.
त्याचा बा म्हणायचा. त्याचा आजाही.
कोल्हापूरच्या सौद्यात भाव रंगाला, रंग भेंडीला.

बिल्किसनं लिहिलं, पेन्सिलीनं:
भेंडी न घालताही मळी येईल, रस निवळेल.
हे काम जाळाचं आहे.

बापाच्या बाजूचं वाक्य होतं ते.
मला हे फार उशिरा कळलं.

रविवारी तीन पातेली.
एकाच कायलीतला रस, दोन-दोन तांबे.
पहिल्यात वाटीभर भेंडीचं पाणी.
दुसऱ्यात वाटीभर नुसतं पाणी.
ते कशाला गं?
नाहीतर भेंडीनं झालं का पाण्यानं, कसं कळणार?
तिसऱ्यात काहीच नाही.
माझ्याकडं मामाचं घड्याळ होतं,
तेवढ्यावर मी शास्त्रज्ञ.

तिसरं पातेलं मीच सांडलं.

मळी दोन्हींत आली. मी ओरडलो, जिंकलीस!
ती म्हणाली, थांब, गाळू दे.
ग्लासामागं पंचांगाचं पान धरलं.
भेंडीच्या रसातून अमावास्या लख्ख वाचता आली,
दुसऱ्यातून पौर्णिमासुद्धा दिसेना.

लिही की दिसली म्हणून,
बाई कुठं येणारेत बघायला?
तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.
पेन्सिल ठेवली, पेन घेतलं:
मळी थोडी आली. रस निवळला नाही.
माझं गृहीतक चुकलं.
तिसरं पातेलं सांडलं.
कुणी सांडलं, ते नाही लिहिलं.

सोमवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा.
बाप रस देत गेला, काही न विचारता.
शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाला,
मलाबी वाटलेलं, जाळाचंच आसंल.
आणि चिपाडाची पेंडी आत ढकलली.

बापूसोनं मिशीला पीळ दिला.
"म्हंजे माझं खरं निघालं की!"
"न्हाई तात्या. माझं चुकलं, एवढंच निघालं.
तुमचं अजून कुठं तपासलंय?
भेंडीच लागती, का दुसरं काय चालतंय?"

गुऱ्हाळात कुणी बोललं नाही.
कायल तेवढी गदगदत राहिली.
बापूसो बांधावरच्या सावरीकडं
बराच वेळ बघत होता.
"बघू," म्हणाला.

आमच्याकडं बघू म्हणजे नाही.
सहलीचे पैसे? बघू.
नवी सायकल? बघू.
बघू म्हटलं की कुणी बघत नाही.
बिल्किसनं वही मिटली, मी घड्याळ खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर
गुऱ्हाळावरून चाललो होतो.
चुलीवर दोन पातेली, मापं सारखी,
शेजारी सावरीची साल, ठेचून भिजत घातलेली,
आणि बापूसो, धोतर खोचून,
धुरातनं मला हाक मारतोय:
"आरं ए, त्या पोरीला बोलीव.
आन् घड्याळ आण!"